कोणीही दोन

तार्तूत नोव्हेंबरअखेर साडेतीनलाच अंधारतं.
हेल्वे पिहलाकास लगेच दिवा लावत नाही,
कागदाची पट्टी खिडकीच्या काचेवर धरते
आणि उरलेल्या उजेडात अक्षरं मोजते.

तेहेतीस ओळी, एकाखाली एक:
यीस्टची, पालकाच्या पानातली, उंदराच्या यकृतातली,
मृत समुद्राच्या मिठात राहणाऱ्या कुणा जीवाची,
आणि आतड्यातल्या त्या जुन्या ओळखीच्या जंतूची.
सगळ्यांच्या रायबोसोममधलं एकच प्रथिन,
म्हणजे एकच असावं असा संशय.
वीस अक्षरांची भाषा, तीही
अब्जावधी वर्षं कानोकानी आलेली;
शुद्धलेखनाची अपेक्षा कोण करणार?

लाल पेन्सिल, जिथे कोणीच बदललं नाही.
निळी, जिथे बदललं, पण घरातल्या घरात.
बाकी कोरं.

तळाशी ती साचा लिहिते:
ग्लायसीन,
कोणीही दोन,
लायसीन किंवा आर्जिनीन,
कोणीही एक,
पुन्हा ग्लायसीन,
मग प्रोलीन सोडून कोणीही
(तो आला की साखळीला बाक पडतो).

ग्लायसीनकडे सामानच नाही;
आरएनए जिथे अंग चोरून वळतो
तिथे दुसरं कोणी मावत नाही.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच,
फक्त शीत कोणतं उचलायचं
हे ठरवायला तिला नऊ महिने लागले.

चौतिसावी ओळ बुधवारी आली,
सारेमा बेटाच्या खाडीतल्या गाळातून.
लांबी तीच, शेजार तोच, लायसीन जागच्या जागी.
पण पहिल्या ग्लायसीनच्या जागी अ‍ॅलनीन.
तिने फोन केला: “फिल्म पुन्हा वाच, ऊर्मस,
डोळे चोळून वाच.”
त्याने वाचली. दोनदा. अ‍ॅलनीनच.

तिने साचा सैल केला.
ग्लायसीन किंवा अ‍ॅलनीन.
यंत्र रात्रभर घरघरलं.
सकाळी चौतिसावी आत होती
आणि तिच्या मागोमाग अकरा परके,
साखर तोडणारे, लोह वाहणारे,
एक तर विंचवाच्या नांगीतला,
नात्याचे ना गोत्याचे,
नुसता तोंडवळा जुळला म्हणून पंगतीला बसलेले.

ड्रॉवरमध्ये पत्र आहे, ओम्स्कहून आलेलं.
खाली सही: गिल्लार.
एकोणपन्नासच्या मार्चमध्ये गाडीत चढवलेला
तिचा चुलतभाऊ हिल्लार होता, चार वर्षांचा.
रशियन लिपीत ह नाही,
तिथल्या कारकुनाने हाताशी होतं ते अक्षर लावलं.
आडनावाचंही तसंच. आजोबांनी छत्तीस साली
जर्मन आडनाव टाकून पिहलाकास घेतलं,
थोरल्या काकाने हट्टाने टाकलं नाही.
म्हणजे नावावरून काहीच सिद्ध होत नाही.
पत्रात फोटो नाही, पैशाची मागणी नाही.
एवढंच विचारलंय:
आपल्या घोडीचं नाव तुहका होतं,
की हे मला मागाहून सुचलं?

अकरा दिवस झाले पत्राला.

ती साचा पुन्हा आवळते.
ग्लायसीन, लाल, ठसठशीत.
अकरा परके उठून जातात.
पानावर अगदी खाली एक रकाना असतो:
कुळातले, पण साच्यात न सापडलेले.
कालपर्यंत तो रिकामा होता,
आणि रिकामा आहे याचा तिला थोडा अभिमानही होता.
तिथे ती चौतिसाव्या ओळीचा क्रमांक लिहिते.
पुरावा म्हणून: शेजार.

मग दिवा लावते. दुसरा कागद घेते.
‘प्रिय’ लिहून अडते.
ह की ग?
जागा तशीच सोडते
आणि सरळ घोडीपासून सुरुवात करते:
तुहकाच. पाठ राखेच्या रंगाची,
डावा कान फाटका.
तुला ती चावली होती, दंडावर.
बघ, खूण असेल अजून.